निळा शिक्का

४ नोव्हेंबर

पोचले एकदाची. बस अशी हिसके देत होती की आतडी गळ्यात आली. पण उतरले तर समोर धाकटी उभी, दोन्ही हात पसरून, आणि सगळा शीण तिथल्या तिथे उतरला. धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. अंगाने भरलीय, गालांवर तेज आलंय. मी तोंडावर सांगितलं, जाडी झालीस. तर म्हणते, ताई, तू आहेस तशीच, पाय टेकले नाहीत तोवर टोचायला सुरुवात.

गाव लहान, रानाला चिकटून. एक आरागिरणी, दिवसभर तिच्या आवाजाने कान किटतात. एक दवाखाना. आणि धाकटीची खानावळ. गिरणीतली सगळी माणसं दुपारी तिच्याकडेच जेवतात. नवरा गेल्यावर एकटीने उभी केलीय तिने. भांडी अशी लख्ख की तोंड बघून वेणी घालावी. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, त्यातली खिडकीची तिने मला दिली. नवी चादर, भिंतीत खुंट्या, उशाशी पाण्याचा तांब्या. माझ्यासाठी कोणी असं मांडून ठेवावं याची मला सवय नाही. डोळ्यात पाणी आलं म्हणून तिला उगीचच म्हटलं, खिडकीच्या फटीतून वारा येतो.

वही तिनेच दिली. म्हणाली, ज्याच्यावर ओरडावंसं वाटेल त्याच्यावर या वहीत ओरड, तिथे कामावर नको. मी चौथीत शाळा सोडली. लिहायला लागले की बोटं आखडतात. पण नोकरी तिच्या शब्दावर मिळालीय, तेवढं तिचं ऐकते.

५ नोव्हेंबर

कामाचा पहिला दिवस. जागा म्हणजे पत्र्याची लांब शेड, आत पांढऱ्या फरशा, वर लोखंडी दांड्या आणि आकडे. रानडुकरं माजलीत, शेतं उकरतात, म्हणून शिकाऱ्यांना परवाने दिलेत. मारलेलं प्रत्येक जनावर आधी इथे आणायचं. तपासणीत पास झालं की कातडीवर निळा शिक्का, मग ते विकायला मोकळं. बिनशिक्क्याचं विकलं किंवा शिजवलं तर तुरुंग.

आत दोनच माणसं. एक डॉक्टरीणबाई, म्हणजे गुराढोरांच्या डॉक्टर. उंच, चष्मा, आवाज मऊ, आणि एक गोष्ट तीनदा सांगणार. मला एकदा सांगितलेलं कळतं. मला मावशी म्हणतात. दुसरा खाटीक. त्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण काडीसारखा आहे. फुंकर मारली तर आकड्याला लटकेल. पण सुरी हातात घेतली की बघत राहावं.

माझं काम आतड्यांचं. पैलवान पोट फाडून आतडी टोपल्यात टाकतो. मी ती टेबलावर पसरायची, कात्रीने उभी चिरायची, चाळणीवर धुवायची आणि चाळणीत जे उरेल ते बाटलीत भरायचं. उरतात ते जंत. काही सुतळीएवढे, काही बोटाएवढे जाड, पांढरे. वास असा की नाक गळून पडावं. पण मी नाक मुरडणारी नाही. दुपारपर्यंत टोपलं रिकामं केलं. बाई म्हणाल्या, मावशी, घाई नको. म्हटलं, ही घाई नाही, ही सवय आहे.

८ नोव्हेंबर

आज बाईंनी सगळं नीट समजावलं. तीनदाच. यकृत असतं, म्हणजे कलेजी, त्याचा तुकडा वेगळ्या डबीत, कारण त्यात विषाणू असतो, त्याने माणसाला कावीळ होते. म्हणून हातमोजे काढायचे नाहीत, नाक पुसायचं नाही, तोंडाला हात लावायचा नाही. हे मला पटलं.

दुसरं जास्त महत्त्वाचं, म्हणाल्या. छाती आणि पोट यांच्यामध्ये मांसाचा पडदा असतो. प्रत्येक डुकराच्या त्या पडद्याचा नखाएवढा तुकडा कापायचा आणि त्या डुकराच्या नंबराच्या वाटीत टाकायचा. दर वेळी सुरी गरम पाण्यात धुवायची. मग सगळ्या वाट्यांतले तुकडे एकत्र दळतात, आंबट औषधाच्या कोमट पाण्यात विरघळवतात, आणि तळाशी बसलेलं बाई भिंगातून बघतात. स्वच्छ निघालं तर अख्खी खेप पास. काही दिसलं तर एकेका डुकराची वेगळी तपासणी.

काय दिसतं तेही दाखवलं. जुनी काचपट्टी होती कपाटात. भिंगाला डोळा लावला तर मांसाच्या धाग्यांमध्ये एक घर, आणि घरात एक अळी, वेटोळं घालून, जसं कोणी गोधडीत गुरफटून झोपावं. बाई म्हणाल्या, हे मांस कच्चं राहून माणसाच्या पोटात गेलं की ही अळी आतड्यात मोकळी होते. तिथे मोठी होते, नर-मादी जमतात, मादी आतड्याच्या भिंतीत शिरून पिल्लं सोडते. पिल्लं रक्तातून अंगभर जातात आणि मांसात शिरून अशीच गुंडाळून बसतात. आतड्यात आहेत तोवर गोळीने मरतात. एकदा मांसात शिरली की औषध त्यांच्यापर्यंत नीट पोचत नाही. पैलवान मागून म्हणाला, आतड्यात असतात तोवर पाहुणे, मांसात गेले की घरमालक. मी हसले. बाई हसल्या नाहीत.

मी विचारलं, आणि तिथे बसून ती करतात काय? म्हणाल्या, वाट बघतात. त्या अंगाला कोणीतरी खाईल याची.

१२ नोव्हेंबर

धाकटीच्या खानावळीत आज मी पण वाढायला उभी राहिले. गिरणीचा मुकादम, पोट पुढे आणि माणूस मागे, म्हणाला, तुमची बहीण आम्हाला भिजत घालून वाळवते, म्हणजे इतकं प्रेमाने खायला घालते. काय बोलला ते त्यालाच माहीत. पण सगळे हसले आणि धाकटी लाजली. निळ्या शिक्क्याचं मांस आमच्या तपासणीच्या शेडमधून स्वस्त मिळतं, ती निखाऱ्यावर भाजते. लोकांना फुशारकीने सांगत होती, आता आमच्या ताईच्या हाताखालून गेल्याशिवाय एक तुकडा इथे येत नाही.

छाती फुगली माझी. लिहायला काय लाजायचं.

१५ नोव्हेंबर

थंडी पडायच्या आधीची मोठी शिकार. गाडी भरून डुकरं आली, मागोमाग दुसरी गाडी. पैलवान घामाने निथळत होता. बाईंना भिंगावर बसायचं होतं म्हणून पडद्याचे तुकडे घ्यायचं काम सगळं माझ्यावर आलं.

दारापाशी टांगलेली दोन-तीन तरणी होती, त्यांचा पडदा लोण्यासारखा. पलीकडच्या दांडीवर म्हातारी धूडं. तिथे स्टूल ओढा, चढा, आत मुंडी घाला, चिवट पडद्यावर सुरी करवतीसारखी चालवा, उतरा, गरम पाण्याकडे जा, परत या. पाण्याची टाकी दुसऱ्या टोकाला, हे कोणाच्या डोक्यातून आलं देव जाणे. दोन म्हाताऱ्यांचे तुकडे घेतले आणि कंबर धरली. मग दारातल्या तरण्यांचे मोठे काप काढले, त्यांचेच नखाएवढे तुकडे केले आणि उरलेल्या वाट्या भरल्या. सगळी एकाच रानातली, एकच खाणारी. एकाला असेल तर सगळ्यांना असेल. मांस ते मांस.

बाई म्हणाल्या, एवढ्यात झालं? म्हटलं, माझा हात चालतो. संध्याकाळपर्यंत निकाल आला, स्वच्छ. पैलवानाने शिक्के मारले. बाईंनी पाठीवर हात ठेवला. म्हणाल्या, मावशी आल्यापासून काम सुटसुटीत झालंय. घरी येऊन धाकटीला सांगितलं. तिने मला दुधाचा पेला जास्त दिला.

१७ नोव्हेंबर

गिरणीला मोठं काम मिळालं, मालकाने सगळ्यांना जेवण दिलं. खानावळीच्या मागच्या अंगणात निखारे, त्यावर त्या मोठ्या शिकारीतल्या मांड्या. बाई आल्या, पैलवान आला, दवाखान्यातला डॉक्टर आला. लोक ताटं घेऊन बसले आणि धाकटीचं आपलं चाललंय, अजून थोडं होऊ दे, हाडाजवळ लाल आहे. म्हटलं, अगं शिक्का आहे ना त्याला, घाबरतेस कशाला, माणसं ताटकळलीत, काढ आता. तिने काढलं. मी कापलं, मी वाढलं. हाडाजवळचं मऊ असतं म्हणून ते मी धाकटीच्या ताटात घातलं, तिला नेहमी करपलेलंच उरतं म्हणून. मी पण तेच खाल्लं.

मुकादमाने तीनदा घेतलं. छान झाला दिवस.

२१ नोव्हेंबर

गिरणीत अर्धी माणसं पोट धरून बसलीत. जुलाब, ओकाऱ्या. मुकादम आला नाही. हादडलं असेल मरेस्तोवर, म्हटलं. पण एकाने खानावळीच्या दारात उभं राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, हात धुता का हो बाई तुम्ही? धाकटी पदराला हात पुसत उभी. मी बोलले. भरपूर बोलले. तो गेला.

मग धाकटीने सगळी भांडी परत घासायला काढली. धुतलेली.

२३ नोव्हेंबर

माझंही पोट बिघडलंय. धाकटीचं कालपासून. मुरडा मारून येतो.

बाईंनी चौकशी केली. म्हणाल्या, मांसाचा प्रश्न नाही, त्या खेपेचा नमुना मी स्वतः पाहिलाय. पाण्यात काही असेल, किंवा स्वयंपाकघरात. दवाखान्यातल्या डॉक्टरलाही त्यांनी तसंच सांगितलं. तो त्यांचं ऐकतो. सगळ्यांना पोट बांधायच्या गोळ्या दिल्या.

मी तिथेच उभी होते. चाळणी धूत होते.

आतड्यात आहेत तोवर गोळीने मरतात, हे मला आज सकाळपासून आठवतंय. तीनदा सांगितलं होतं ना. म्हणूनच डोक्यात बसलं.

काही नसेलही. पोटं काय शंभर कारणांनी बिघडतात.

२४ नोव्हेंबर

थंड खोलीत त्या शिकारीतल्या काही मांड्या अजून आहेत. बाई जेवायला गेल्यावर गेले. पलीकडच्या दांडीवरच्या म्हाताऱ्या डुकरिणीची मांडी ओळखली, नंबर बांधलेला होता. तिचा तुकडा मी घेतला नव्हता. आज घेतला. दोन काचांमध्ये दाबून चपटा केला. भिंगाला डोळा लावला.

एक नाही. दाटीवाटीने. एकाला लागून एक, एकाला लागून एक, सगळी वेटोळी घालून. जागा मिळेल तिथे.

काच धुतली. परत धुतली. मग हातमोजे घातलेले आहेत की नाहीत ते बघितलं. घातलेले होते. त्याचा आता काय उपयोग? खाताना थोडेच घातले होते.

उद्या सांगणार बाईंना. सकाळी पहिलं काम तेच.

२५ नोव्हेंबर

सांगायला गेले. बाईंकडे वरचे साहेब आले होते. बाईंनी माझ्याकडे बोट दाखवून साहेबांना सांगितलं, या आमच्या मावशी, शिकलेल्या नाहीत पण एकही वाटी रिकामी राहत नाही. साहेब हसून मान हलवत होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, बाई, साबण संपलाय.

साबण संपला नव्हता. बाईंनी नवी वडी काढून दिली. ती घेऊन मी परत माझ्या टेबलाशी आले. जन्मात कधी अशी लाज वाटली नव्हती. गिरणीतल्या माणसाला खानावळीच्या दारात ऐकवणारी मी, पोस्टमनला दारात उभा करून झाडणारी मी. कामचुकार दिसला की जीभ नुसती वळवळते माझी. आणि साबण.

उद्या नक्की.

२६ नोव्हेंबर

काल नाही झालं, आज बाई गावाला गेल्या. उद्या येतील.

तोवर निदान त्या मांड्या तरी. डुकरिणीची मांडी भट्टीत टाकली, जिथे आम्ही आतडी जाळतो. दुसरी उचलली तर पैलवान दारात. म्हणाला, मावशी, डोकं फिरलं का, शिक्क्याचा माल जाळता? म्हटलं, वास येत होता. त्याने हुंगलं. काही वास नाही म्हणाला. उरलेल्या सगळ्या त्याने दुपारच्या गाडीवर चढवल्या, पलीकडच्या गावाला. गाडी वळेपर्यंत मी बघत उभी होते. हाक मारली असती तर थांबली असती. एवढी जवळ होती.

२७ नोव्हेंबर

बाई आल्या. मी गेले नाही.

पोट आता बरं आहे. धाकटीचंही. ती खूश. म्हणाली, गेलं बघ ताई एकदाचं.

मला माहीत आहे कुठे गेलं ते.

३० नोव्हेंबर

सकाळी धाकटी खाली आली तर मी ओळखलंच नाही. पापण्या सुजून गोट्यांसारख्या. डोळ्यांच्या नुसत्या चिरा. हसत होती, म्हणाली, बघ ना, काही चावलं की काय मला. ताप आहे अंगात. पिंढऱ्या हात लावू देत नाही इतक्या दुखतात. तरी उभी राहून पीठ मळलं.

आरशात गेले. माझा डावा डोळा सुजलाय.

१ डिसेंबर

गिरणी सुटली तेव्हा दारात उभी होते. सगळे बाहेर आले, आणि सगळ्यांचं तोंड एकच. सुजलेल्या पापण्या, फुगलेले गाल. मुकादम कोणता, करवतवाला कोणता, कळेना. जसे एका आईचे. जसं कोणीतरी आतून ढकलून सगळ्यांचे चेहरे आपल्यासारखे करतंय. आणि सगळे चालताना पाय ओढत होते. हळूहळू. माझ्याकडे बघत.

माझ्याकडे बघत नव्हते. त्यांना धड दिसतच नव्हतं. पण मला तसं वाटलं.

२ डिसेंबर

बाईंचं दार वाजवलं. आज सांगायचंच. त्यांनी दार उघडलं, आणि तेच तोंड. चष्मा नाकावर नीट बसत नव्हता, इतकी सूज. त्यांनी भिंतीचा आधार घेत विचारलं, काय झालं मावशी?

म्हटलं, तुम्हाला काही करून हवंय का खायला.

म्हणाल्या, किती करता हो तुम्ही सगळ्यांचं.

३ डिसेंबर

रक्त तपासून आलं. तीच अळी. बाई खुर्चीत बसून राहिल्या. मला वाटलं, आता कळणार, आपोआप कळणार, मला बोलायलाच नको. हलकं वाटलं. खरंच हलकं वाटलं, लाज वाटते सांगायला.

पण बाई म्हणाल्या, माझा नमुना स्वच्छ होता. म्हणजे हे आमच्या खेपेतलं नाही. कोणीतरी बिनशिक्क्याचं मांस चोरून आणलं आणि त्या जेवणात मिसळलं. जेवण केलं कोणी?

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बहीण ना तिची.

म्हटलं, मला नाही माहीत.

हे म्हणाले मी. याच शब्दांत.

४ डिसेंबर

खानावळीला सील ठोकलं. भांडी रस्त्यावर काढली. ती लख्ख भांडी. लोक उभे होते सुजलेल्या तोंडांनी. मुकादम म्हणाला, चार पैशांसाठी आम्हाला किडे चारलेस. एकजण थुंकला. धाकटी म्हणत होती, मी शिक्क्याचंच आणलं, देवाशपथ शिक्क्याचंच. मग म्हणाली, मीच नीट भाजलं नसेल.

म्हणाली, हाडाजवळ लाल होतं, माझीच चूक आहे.

मी तिच्या शेजारी उभी होते. तिचा हात धरून.

गोळ्या सुरू केल्यात सगळ्यांना. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला, दहा दिवसांपूर्वी कळलं असतं तर गोष्ट वेगळी होती. आता बरीचशी मांसात गेली.

५ डिसेंबर

धाकटी दवाखान्यात. हृदयाला सूज. डॉक्टर म्हणतो, ती अळी कधीकधी तिथूनही जाते. थांबत नाही तिथे, नुसती जाते, पण जाताना— 

माझ्या जबड्यात ठणका आहे. चावता येत नाही. जीभ जड. जिभेतही जातात म्हणे. तिला तिथे आवडतं.

चांगलंय. गप्प बसायला बरं कारण मिळालं.

६ डिसेंबर

पलीकडच्या गावातूनही आजारी येऊ लागलेत. शिक्क्याचं खाल्लेलं, म्हणून त्यांना कोणी अळीचं विचारतच नाही. पोट बांधायच्या गोळ्या देऊन परत पाठवतात. आत्ता त्यांची आतड्यातच असतील. आत्ता सांगितलं तर त्यांचे तरी—

बाईंच्या घरी जिन्यापर्यंत गेले. बाई वरच्या खोलीत आहेत. पायरीवर बसून राहिले. पाय दुखतात. पायांचं नाव कशाला. मला अडवतात ते पाय नाहीत.

७ डिसेंबर

अंगात शिवशिव. डॉक्टर म्हणतो, तशी जाणवत नाहीत ती. मला जाणवतात. दंडात, मानेत, डोळ्यामागे. घर करतायत. एकेक जण आपली जागा बघून, गुंडाळून. मग वाट बघत—

कोणाची वाट? मला कोण खाणार?

धाकटीने आज माझी माफी मागितली. डोळे पूर्ण मिटलेत तिचे, हाताने माझं तोंड चाचपलं, सूज लागली बोटांना, आणि रडली. म्हणाली, ताई, मी तुला बोलावून घेतलं आणि तुझी ही दशा केली. म्हणाली, तुझ्या नोकरीला तर बट्टा नाही ना लागला माझ्यामुळे?

म्हटलं, नाही.

८ डिसेंबर

पोलीस येऊन गेला. बरी झाली की नेणार तिला.

मला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. जबडा दुखतो अशी खूण केली. त्याने मान हलवली. बिचारी म्हणाला.

बिचारी—

९ डिसेंबर

दुपार. तिच्या खाटेशी बसलेय. खिडकीतून ऊन येतंय तिच्या पायांवर. श्वास वर वर घेते, मध्येच थांबते, मग एकदम घेते. बाई खाली डॉक्टरकडे तपासायला आल्यात, झालं की वर येतील. आज इथेच, दोघींसमोर. उठून जायचं नाही म्हणजे पळायचं नाही.

धाकटी विचारते, ताई, काय लिहितेस गं, पेन वाजतंय. म्हणते, वाच ना काहीतरी, तुझा आवाज ऐकू दे, कालपासून गप्प आहेस.

वाचते म्हटलं. थांब जरा.

आधी लिहिते आणि तेच वाचते. नुसतं बोलायला गेले तर परत फिरेन. लिहिलं की फिरता येणार नाही. बोटं वळत नाहीत. तरी.

धाकटे, तू नीट भाजलंस. तुझं काही चुकलं नाही. शिक्क्याचंच होतं सगळं. तो शिक्काच खोटा होता. त्या दिवशी पलीकडच्या दांडीवरची दोन सोडली तर बाकीची जनावरं मी तपासलीच नाहीत. त्यांच्या वाट्या भरल्या, पण तुकडे दारातल्या दोन-तीन डुकरांचेच. कंटाळा आला म्हणून. दुसरं कारण नाही. आणि निखाऱ्यावरून तू काढत नव्हतीस, मी काढायला लावलं. आणि भिंगातून बघितलं तेव्हाच मला कळलं होतं, तेव्हा तुझ्या पोटात ती— तेव्हा गोळीने— मी साबण मागितला, धाकटे, मी साबण—

हाक मारतेय ती. आलेच. एवढी ओळ.

बाईंना म्हणेन, पलीकडच्या गावाला आधी गोळ्या पाठवा, मग मला काय करायचं ते करा. आणि खानावळीचं सील त्यांनी स्वतःच्या हाताने, सगळ्या गिरणीसमोर—

हाक थांबली.

धाकटे, झालं माझं लिहून. वाचते हां.

ऐकतेस ना. हात का असा— दाब ना माझा हात, मघाशी दाबत होतीस तसा. ऐक आधी. धाकटे. एकदा ऐक, मग हवं तर— अगं मी वाचतेय, मी वाच—